हृदय नावाची ग्रंथी

नदीत किंवा विहिरीत अर्धा-पाऊण तास डुंबून बाहेर आलं, की लघवीला जावंसं वाटतं. मुलांना हे चांगलं माहीत असतं. पाणी थंड होतं म्हणून असं झालं, असं आपण म्हणतो. थंडीचा वाटा त्यात आहेच, पण पाणी अंगाला कोमट लागेल इतकं ठेवलं तरी हे घडतंच. शरीर गळ्यापर्यंत पाण्यात असतं तेव्हा पाण्याचा दाब पायांवर आणि पोटावर पडतो, तिथल्या शिरांमधलं रक्त वर छातीकडे ढकललं जातं आणि हृदयाचे वरचे कप्पे नेहमीपेक्षा जास्त ताणले जातात. शरीराची समजूत होते, की रक्ताचं आकारमान वाढलं आहे. मग जादा पाणी बाहेर टाकायच्या कामाला मूत्रपिंडं लागतात.

ताण पडतो हृदयावर आणि कामाला लागतात मूत्रपिंडं. मग निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जातो तरी कसा? या साध्या प्रश्नाचा माग काढत गेलं, की आपण एका अगदी वेगळ्याच जागी पोहोचतो: हृदयाची झडप खराब झालेल्या आणि ती बदलायची वेळ आलेल्या रुग्णाच्या खाटेपाशी. झडप बदलल्यावर हा माणूस किती जगेल, हे त्याच्या रक्ताच्या नमुन्यावरून आधी सांगता येईल का, असा तिथला प्रश्न असतो. एका प्रश्नापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. ती गोष्ट आम्ही इथे सांगणार आहोत.

१९५६ साली हेन्री, गाउअर आणि रीव्ह्‌ज या तिघांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. भूल दिलेल्या कुत्र्याच्या हृदयातल्या डाव्या वरच्या कप्प्यात त्यांनी एक लहानसा फुगा सोडला आणि तो फुगवला. लघवीचं प्रमाण वाढलं. फुगा रिकामा केला, ते पुन्हा कमी झालं. (पाठ्यपुस्तकात आपण या वरच्या कप्प्यांना अलिंद आणि खालच्यांना निलय म्हणतो. जुन्या पुस्तकांतून शिकलेल्यांना कर्णिका आणि जवनिका हे शब्द आठवतील.) पुढे १९६३ मध्ये लंडनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल वूड यांनी रुग्णांमध्ये दिसणारी अशीच एक गोष्ट नोंदवली. काही जणांचं हृदय अचानक वेड्यासारखं धडधडू लागतं आणि त्या वेळात त्यांना भरपूर आणि पाण्यासारखी लघवी होते. म्हणजे अलिंद आणि मूत्रपिंड यांचं काहीतरी बोलणं चालतं, हे उघड होतं. पण ते मज्जातंतूंच्या मार्फत चालत असणार, असं तेव्हा धरून चालले होते. मज्जातंतू मेंदूला कळवणार, मेंदू पाणी राखणाऱ्या संप्रेरकाचा पुरवठा कमी करणार आणि मूत्रपिंडं पाणी सोडणार. हे खोटं नव्हतं, पण पुरं नव्हतं.

गंमत अशी, की उत्तराचा दुसरा तुकडा त्याच १९५६ साली दुसऱ्या लोकांच्या हाती आला होता. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून अमेरिकेत आलेले ब्रूनो किश इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनिपिगच्या हृदयाचे पातळ काप पाहत होते. अलिंदाच्या स्नायुपेशींमध्ये त्यांना गडद गोलसर कणिका दिसल्या. निलयाच्या पेशींत त्या नव्हत्या. १९६४ मध्ये जेमिसन आणि पॅलाडे यांनी या कणिकांचं सविस्तर वर्णन केलं. हे पॅलाडे म्हणजे पेशींच्या अंतर्रचनेवरच्या कामासाठी १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळालेले जॉर्ज पॅलाडे. पेशी आपला माल तयार करून बाहेर कसा पाठवते, हा त्यांचा खास विषय. या कणिका स्वादुपिंडासारख्या ग्रंथींच्या पेशींतल्या कणिकांसारख्या दिसतात, हे अशा माणसाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. पण स्नायूच्या पेशीत ग्रंथीचा माल कशाला असेल?

प्रश्न तिथेच राहिला. कुत्र्याच्या अलिंदात फुगा फुगवणारे शरीरक्रियाशास्त्राच्या परिषदांना जात होते आणि कणिका पाहणारे सूक्ष्मदर्शकवाल्यांच्या. आमच्या अनुभवात हे आजही चालतं. शेजारच्या खोलीत काय चाललंय, ते कळायला पंचवीस वर्षं लागू शकतात.

इथे तर बरोबर पंचवीस वर्षं लागली. अर्जेंटिनात जन्मलेले अडॉल्फो द बोल्ड हे कॅनडातल्या किंग्स्टन इथे या कणिकांच्या मागे लागले होते. त्यांनी आधी फक्त कणिका मोजल्या. उंदरांच्या शरीरातलं पाण्याचं आणि क्षारांचं प्रमाण बदललं की अलिंदातल्या कणिकांची संख्याही बदलते, असं त्यांनी १९७९ मध्ये दाखवलं. मग एक अगदी सरळ प्रयोग केला. उंदरांची अलिंदं कुटून त्यांचा अर्क काढला आणि तो दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. काही मिनिटांतच लघवीचं प्रमाण दहा पट झालं आणि तिच्यातून बाहेर पडणारं सोडियम तीस पटींहून जास्त वाढलं. परिणाम झटकन आला आणि झटकन ओसरला. निलयाचा अर्क तशाच पद्धतीने काढून टोचला, तेव्हा काहीही झालं नाही. शिक्षकांनी या शेवटच्या वाक्यापाशी क्षणभर थांबावं. निलयाचा अर्क टोचून पाहिला नसता, तर कुठलाही स्नायू कुटून टोचला तर असंच होत असेल, असं कुणीही म्हणू शकलं असतं. तुलनेसाठीचा प्रयोग म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला सुचत नाही.

हा निबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला. रक्त ढकलणारा पंप म्हणून शतकानुशतकं ओळखलेलं हृदय एक अंतःस्रावी ग्रंथीही आहे, असा त्याचा अर्थ होता. लगेच जगभरच्या प्रयोगशाळांत त्या अर्कातलं नेमकं द्रव्य वेगळं करण्याची शर्यत सुरू झाली. जपानमधल्या कांगावा आणि मात्सुओ यांनी १९८४ मध्ये माणसाच्या अलिंदातल्या द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. २८ अमिनो आम्लांची ती एक छोटी साखळी होती. तिला एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, थोडक्यात ए.एन.पी., म्हणतात. नाव अवघड वाटलं तरी त्याचा अर्थ सरळ आहे. सोडियमचं लॅटिन नाव नॅट्रियम, म्हणूनच त्याची संज्ञा एन.ए. आहे, हे आपण नववीच्या वर्गात सांगतोच. नॅट्रियुरेटिक म्हणजे लघवीवाटे सोडियम बाहेर टाकायला लावणारं. सोडियम बाहेर गेलं की त्याच्या मागोमाग पाणी जातं.

चुकीच्या नावाचं द्रव्य

याच मात्सुओंच्या गटाने १९८८ मध्ये डुकरांच्या मेंदूतून तशाच प्रकारचं एक दुसरं द्रव्य वेगळं केलं. मेंदूत सापडलं म्हणून त्याला मेंदूचं, म्हणजे ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, बी.एन.पी., असं नाव मिळालं. हे नाव आजही चालू आहे आणि ते माणसाच्या बाबतीत बरंचसं दिशाभूल करणारं आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत असं दिसलं, की हे द्रव्य मुख्यतः हृदयातच तयार होतं, आणि तेसुद्धा अलिंदापेक्षा निलयातून जास्त रक्तात येतं. क्योटोच्या नाकाओ यांच्या गटाने १९९१ मध्ये हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांत हे दाखवून दिलं. ज्या निलयाचा अर्क दहा वर्षांपूर्वी द बोल्ड यांच्या प्रयोगात मुका निघाला होता, त्याच निलयाचं हे द्रव्य!

मग द बोल्ड यांना ते सापडलं कसं नाही? इथे दोन संप्रेरकांमधला फरक समजून घ्यावा लागतो. ए.एन.पी. अलिंदाच्या पेशींत कणिकांच्या रूपात साठवलेलं असतं. ताण पडला की साठ्यातला माल बाहेर पडतो. बी.एन.पी. निरोगी निलयात फारसं साठवलेलं नसतं. निलयाच्या भिंतीवर ताण आला, तो टिकून राहिला, की पेशीच्या केंद्रकातलं त्याचं जनुक जोरात काम करू लागतं आणि माल ताजा बनवून बाहेर धाडला जातो. निरोगी उंदराचं निलय कुटून हाती काही लागलं नाही, यात म्हणूनच नवल नाही. वैद्यांच्या दृष्टीने हाच फरक मोलाचा ठरला. निलय बरेच दिवस दडपणाखाली आहे का, हे रक्तातल्या बी.एन.पी.वरून कळू शकणार होतं.

पेशीत हे द्रव्य प्रथम १०८ अमिनो आम्लांच्या लांब साखळीच्या रूपात बनतं. नंतर तिचे दोन तुकडे होतात. ३२ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे काम करणारं बी.एन.पी., आणि उरलेला ७६ चा तुकडा काहीच काम करत नाही, नुसता रक्तात फिरतो. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या संशोधकांनी १९९५ मध्ये हा निरुद्योगी तुकडा माणसाच्या रक्तात दाखवला. त्याला एन.टी.-प्रो-बी.एन.पी. म्हणतात. मोजायला तो सोयीचा आहे, कारण बी.एन.पी. साधारण वीस मिनिटांत निम्मं होतं, तर हा तुकडा जास्त वेळ टिकतो.

आता मोजायचं म्हणजे किती लहान गोष्ट मोजायची, याचा थोडा हिशेब करू. निदानात पुढे १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर हा बी.एन.पी.चा आकडा महत्त्वाचा ठरला. माणसाच्या शरीरात सुमारे तीन लिटर रक्तद्रव असतो. म्हणजे त्यात सगळं मिळून झालं तीन लाख पिकोग्रॅम, अर्थात ०.३ मायक्रोग्रॅम. मिठाचा एक कण ०.३ मिलिमीटर बाजूचा घन मानला, तर त्याचं वजन साधारण ५८ मायक्रोग्रॅम येतं (मिठाची घनता २.१६ धरून मुलांकडून करून घ्यावं). म्हणजे मिठाच्या एका कणाचे जवळजवळ दोनशे भाग करावेत आणि त्यातला एक भाग सगळ्या शरीरभर विरघळवावा, इतकं हे थोडं. असं काही मोजता येतं, याचं श्रेय रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस इन्शुलिनसाठी तयार केलेल्या पद्धतीला आहे. ज्या द्रव्याला प्रतिपिंडं नेमकी पकडतात, ते किरणोत्सारी खुणेच्या मदतीने मोजायचं, ही त्यांची युक्ती. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं, बर्सन तोवर वारले होते. आजच्या चाचण्यांत किरणोत्सार बहुधा नसतो, पण प्रतिपिंडाने पकडण्याची कल्पना तीच आहे.

झडप कधी बदलायची?

आता झडपेकडे वळू. १९५८ साली लॉवेल एडवर्ड्‌स नावाचे एक निवृत्त अभियंते, पंप हा ज्यांचा हातखंडा होता, अमेरिकेतल्या पोर्टलंड इथल्या अल्बर्ट स्टार या तरुण शल्यविशारदाकडे गेले. आपण दोघं मिळून कृत्रिम हृदय तयार करू, असं त्यांचं म्हणणं होतं. स्टार म्हणाले, अख्खं हृदय राहू दे, आधी एक झडप करू. पिंजऱ्यात अडकवलेला चेंडू, अशी त्यांची झडप होती. रक्ताचा दाब आला की चेंडू सरकून वाट मोकळी होते, उलट दाब आला की तो भोकावर बसून वाट बंद करतो. १९६० च्या ऑगस्टमध्ये ती बसवलेली पहिली रुग्ण काही तासांत दगावली. सप्टेंबरमधला दुसरा रुग्ण बरा होऊन घरी गेला आणि अनेक वर्षं जगला. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे नमुने बाद ठरत गेले तरी काम सोडलं नाही. त्यांची तिरक्या चकतीची चित्रा झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. त्यानंतर ती लाखाहून अधिक रुग्णांना बसली आहे.

झडप बदलता येऊ लागली, तसा नवा प्रश्न उभा राहिला. कधी बदलायची? महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप अरुंद झाली, की डाव्या निलयाला रक्त बाहेर ढकलायला जास्त दाब लावावा लागतो. व्यायामाने दंड जाड व्हावा तशी त्याची भिंत जाड होते आणि काही वर्षं त्यावर निभावतं. पुढे मात्र स्नायूंच्या मध्ये चिवट तंतू माजतात आणि निलय थकतं. फार लवकर झडप बदलावी, तर शस्त्रक्रियेचा आणि कृत्रिम झडपेचा धोका उगाच ओढवून घेतला जातो. उशीर करावा, तर झडप नवी पण हृदय मोडकळीला आलेलं, अशी गत होते. १९६८ साली जॉन रॉस आणि युजीन ब्राउनवाल्ड यांनी जुन्या नोंदी एकत्र करून एक आलेख काढला. या आजारात माणूस कित्येक वर्षं ठीक राहतो. पण छातीत दुखू लागलं की सरासरी पाच वर्षं, घेरी येऊन पडू लागला की तीन, आणि हृदय कमी पडून दम लागू लागला की दोनच वर्षं उरतात. यातून नियम निघाला: लक्षणं दिसेपर्यंत थांबा, दिसली की थांबू नका. तो नियम पुढे अर्धशतक टिकला.

नियम चांगला होता, पण लक्षण ही फार फसवी गोष्ट आहे. सत्तरीच्या गृहस्थांना विचारावं, दम लागतो का, तर ते नाही म्हणतात. खरं असं असतं, की त्यांनी जिना चढणं वर्षापूर्वीच सोडलेलं असतं, भाजी आणायला नातू जातो आणि हे सगळं वयाच्या खात्यावर टाकलेलं असतं. हृदय काय म्हणतं, ते माणसाला न विचारता हृदयालाच विचारता आलं तर?

बी.एन.पी. इथे उपयोगी पडेल, असं वाटायला सबळ कारण होतं. दम लागून तातडीच्या कक्षात आलेल्या माणसाला हृदयाचा त्रास आहे की फुप्फुसाचा, हे ओळखायला ते किती कामाचं आहे, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५८६ रुग्णांवर तपासलं गेलं. वर आलेला १०० चा आकडा तिथला. त्या आकड्याच्या आधारे पाचांपैकी चारांहून जास्त वेळा निदान बरोबर येत होतं. मग व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी महाधमनीची झडप फार अरुंद झालेल्या १३० रुग्णांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. लक्षणं नसलेल्यांपैकी ज्यांचं बी.एन.पी. १३० च्या खाली होतं, त्यांना पुढच्या नऊ महिन्यांत लक्षणं सुरू होण्याची शक्यता कमी होती. आणि या १३० पैकी ज्या ७९ जणांची झडप बदलली, त्यांच्यात शस्त्रक्रियेआधीचं एन.टी.-प्रो-बी.एन.पी. जितकं जास्त, तितकी नंतर जगण्याची आणि निलय सुधारण्याची आशा कमी. झडप उत्तम बसली तरीही! रक्तातला आकडा झडपेबद्दल बोलतच नव्हता. झडपेपायी स्नायूची किती झीज झाली आहे, ते तो सांगत होता.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या १९५३ रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात एक शहाणपणाची सुधारणा होती. बी.एन.पी. वयाबरोबर वाढतं आणि स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त असतं. तेव्हा नुसता आकडा न पाहता, त्या वयाच्या आणि लिंगाच्या निरोगी माणसात असायला हवं त्याच्या किती पट आहे, ते पाहायचं. हा पट जसजसा वाढत गेला, तसतसं मृत्यूचं प्रमाण पायरीपायरीने वाढत गेलं. यांसारख्या पुराव्यांमुळे २०१७ च्या युरोपीय आणि २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत एक ओळ आली: लक्षणं नसली तरी बी.एन.पी. नेहमीच्या तिपटीहून जास्त असेल, तर झडप बदलण्याचा विचार करणं योग्य ठरेल.

आणखीही द्रव्यं मोजली जाऊ लागली. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. ते मोजण्याची चाचणी जर्मनीतल्या काटुस यांनी १९८९ मध्ये मांडली. बी.एन.पी. आणि ट्रोपोनिन यांत एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. बी.एन.पी. ही जिवंत पेशीने मारलेली हाक आहे, ट्रोपोनिन ही इजा झालेल्या पेशीतून होणारी गळती आहे. जी.डी.एफ.-१५ हे द्रव्य हृदयापुरतं नाही, शरीरात कुठल्याही पेशींवर संकट आलं की वाढतं. २००२ पासून छाती न उघडता नळीवाटे झडप बसवता येऊ लागली आणि ऐंशीच्या पुढचे अशक्त रुग्णही उपचारासाठी येऊ लागले. अशांच्या बाबतीत जी.डी.एफ.-१५ सारखं सर्व शरीराचा ताळेबंद सांगणारं द्रव्य बी.एन.पी.च्या जोडीला धरलं, तर अंदाज थोडा सुधारतो.

आकडा कुणाबद्दल बोलतो?

आता त्या खाटेपाशी बसलेल्या मुलीचा प्रश्न घेऊ. बाबांचा आकडा वाढलेला आहे, म्हणजे ते वाचणार नाहीत का? समजा, झडप बदललेले २०० रुग्ण आहेत. शंभरांचा आकडा कमी होता, त्यातले ५ वर्षभरात दगावले. शंभरांचा जास्त होता, त्यातले २० दगावले. (हे आकडे आम्ही हिशेबासाठी घेतले आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत.) धोका चौपट झाला, हे खरं. पण जास्त आकडा असलेल्या शंभरातले ८० जिवंतच आहेत. आणि दगावलेल्या २५ पैकी ५ जणांचा आकडा चांगला होता. आकडा गटाबद्दल बोलतो. बाबा त्या ऐंशीत आहेत की विसात, हे त्याला ठाऊक नाही. शिवाय मूत्रपिंडं नीट काम करत नसली तर हा आकडा वाढतो आणि लठ्ठ माणसात तो कमी दिसतो. तेव्हा एका तपासणीच्या कागदावरून कुणाच्या आयुष्याची मर्यादा सांगणं आम्हाला अशास्त्रीय वाटतं. खरं तर क्रूरही वाटतं.

दुसरा मुद्दा शिक्षकांना लगेच पटेल. दहावीच्या पूर्वपरीक्षेतले गुण पाहून बोर्डाच्या निकालाचा अंदाज बांधता येतो. म्हणून पूर्वपरीक्षेचा पेपर आधीच फोडून गुण वाढवले, तर बोर्डाचा निकाल वाढेल का? गुण अभ्यासाचे निदर्शक आहेत, निकालाचं कारण नव्हेत. बी.एन.पी. तर याच्याही पुढे जातं. ते हृदयाचं नुकसान करत नाही, उलट सोडियम आणि पाणी बाहेर घालवून त्याचं ओझं हलकं करायला धडपडतं. आग लागली की बंब येतो, आग जितकी मोठी तितके बंब जास्त. म्हणून बंबांमुळे घरं जळतात, असं कुणी म्हणत नाही. पण निदर्शक द्रव्यांच्या बातम्या वाचताना ही गल्लत हटकून होते.

मग धोका आधी कळला, तर आधी झडप बदलून फायदा होतो का? हा खरा कसोटीचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडल्याशिवाय मिळत नाही. असे दोन प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकात झडप फार अरुंद असलेले, पण लक्षणं नसलेले ९०१ रुग्ण होते. काहींना लगेच नळीवाटे झडप बसवली, बाकीच्यांना लक्षणं दिसेपर्यंत नजरेखाली ठेवलं. थांबलेल्यांपैकी ८७ टक्क्यांना पुढच्या काही वर्षांत झडप बसवावीच लागली. लगेच बसवलेल्यांना अचानक रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण कमी होतं, मृत्यूंच्या प्रमाणात मात्र फारसा फरक नव्हता. दुसरा प्रयोग ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातला. त्यात आधी ट्रोपोनिन किंवा हृदयाचा विद्युत्-आलेख पाहून संशयित निवडले, मग चुंबकीय प्रतिमा काढून ज्यांच्या निलयाच्या भिंतीत खरोखरच व्रण सापडले अशा २२४ जणांचे दोन गट केले. कल्पना देखणी होती. ज्यांचं हृदय झिजू लागलंय, त्यांनाच वेळेत गाठायचं. पण लवकर झडप बदललेल्या गटात मृत्यू आणि अचानक दाखल होणं यांच्या एकत्रित प्रमाणात खात्रीने म्हणावा असा फरक दिसला नाही. रुग्ण थोडे होते, तेव्हा हा शेवटचा शब्द नव्हे. कदाचित व्रण दिसेपर्यंत थांबणं हाच उशीर असेल. धोका ओळखता येणं आणि तो टाळता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मात्र त्यातून दिसलं.

आपल्या देशापुरता एक प्रश्न याहून मोठा आहे. व्हिएन्ना आणि मेयोचे रुग्ण बहुतेक म्हातारे होते, वयोमानाने त्यांच्या महाधमनीच्या झडपेत कॅल्शियम साचलं होतं. आपल्याकडे झडप बदलाव्या लागणाऱ्यांत तरुणांची संख्या मोठी आहे. शाळेच्या वयात घसा सुजतो, तो स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे असला आणि पेनिसिलिन मिळालं नाही, तर काहींना रूमॅटिक ताप येतो. सांधे दुखून बरे होतात, पण झडपेवरची खूण राहते. हा आजार बहुधा अलिंद आणि डावं निलय यांच्यामधली द्विदली झडप गाठतो. ती अरुंद झाली, तर डाव्या निलयावर दाब येतच नाही, उलट त्याला रक्तच कमी मिळतं. ताण पडतो तो डाव्या अलिंदावर, फुप्फुसांवर आणि मग उजव्या निलयावर. म्हणजे बी.एन.पी. वाढलं तरी ते वेगळ्या कप्प्यातून आणि वेगळ्या कारणाने आलेलं असतं. अशा रुग्णांत अलिंदाची लय बिघडणं नेहमीचं आहे, आणि नुसत्या त्या बिघाडानेही बी.एन.पी. चढतं. शिवाय त्यांचं वय तिशी-चाळिशीचं असतं, त्यामुळे निरोगी माणसाचा जो आकडा भागायला घ्यायचा, तोही वेगळा. सत्तरीच्या युरोपीय गृहस्थांसाठी ठरलेली तिपटीची रेघ पस्तीस वर्षांच्या रूमॅटिक रुग्ण बाईला लावायची असेल, तर ती इथल्या रुग्णांवर पुन्हा मोजून घ्यावी लागते.